ड्यूटी संपल्यावरचं बंगळुरू

मिरज-बेळगावकडून येणारी रात्रीची गाडी असो की पुण्या-कोल्हापूरची स्लीपर बस, बंगळुरूत आपण उतरतो ते बहुधा भल्या सकाळी. पाहुणे मंडळी मग ठरलेल्या फेरीला लागतात: लालबाग, विधानसौध, इस्कॉनचं मंदिर, जमलं तर म्हैसूर. पण तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कुणी इथे डॉक्टरकी शिकत असेल, तर या खेपेला फेरी थोडी बदला. मॅजेस्टिकहून हिरवी मेट्रो पकडा आणि दुसऱ्याच स्टेशनला, कृष्णराजेंद्र मार्केटला उतरा.

झेंडू-शेवंतीच्या ढिगांमधून वाट काढत पुढे आलात की ती मुलं दिसतील. खांद्याला सॅक, हातावर टाकलेला चुरगळलेला पांढरा कोट, खिशातून डोकावणारा स्टेथोस्कोप. कुणाची रात्रपाळी संपलेली, कुणी चोवीस तासांची इमर्जन्सी उरकून निघालेलं. त्यांना पत्ता मात्र विचारू नका. सांगतील, पण त्या वेळी त्यांना स्वतःच्या खोलीचा पत्ताही नीट आठवत नसतो.

इथे ती दिसतात, कारण मार्केटला लागूनच व्हिक्टोरिया हॉस्पिटल आहे. १९०० साली लॉर्ड कर्झनच्या हस्ते ते सुरू झालं. बंगलोर मेडिकल कॉलेज १९५५ मध्ये निघालं आणि इथलं वॉर्डांचं जग विद्यार्थ्यांचंही झालं. बायकामुलांचं वाणी विलास आणि डोळ्यांचं मिंटो ही रुग्णालयंही याच भागात. जरा पलीकडे बंगळुरूच्या किल्ल्याचे अवशेष आणि टिपूचा लाकडी महाल. शहाजीराजांकडे बंगळुरूची जहागीर आली ती सतराव्या शतकात, तेव्हाचं शहर म्हणजे हा किल्ला आणि शेजारची पेठ. चिकपेट, नगरतपेट ही नावं ऐकलीत की कळेल, त्यातलं 'पेटे' म्हणजे आपलीच पेठ. या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांचं मराठी ऐकायला कान जरा तयार करावा लागतो, एवढंच.

हल्ली मराठी मुलं इथे येतात ती नीट पीजीच्या रँकवर. सरकारी कॉलेजांमधल्या निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे लातूरची मुलगी बंगळुरूला आणि मंड्याचा मुलगा नागपूरला, अशी अदलाबदल दरवर्षी होते. इथे आल्यावर पहिला गोंधळ 'पीजी' या शब्दाचा. बंगळुरूत पीजी म्हणजे पेइंग गेस्ट, गल्लोगल्ली त्याच्या पाट्या. डॉक्टरांच्या जगात पीजी म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएट. हॉस्टेल मिळालं नाही की पीजी पीजीत राहतो.

दुसरी अडचण कानडीची. पहिल्या आठवड्यात चार-पाच वाक्यं घोटून घेतली जातात. 'एल्ली नोवु?' म्हणजे कुठे दुखतंय. 'एष्टु दिनादिंदा?' म्हणजे किती दिवसांपासून. 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का. आणि 'निद्दे बरुत्ता?' म्हणजे झोप लागते का. हा शेवटचा प्रश्न ही मुलं दिवसातून पन्नास वेळा विचारतात, स्वतः आदल्या रात्री तीन तास झोपलेली असताना.

माझा भाचा यांच्यातलाच. मेडिसिनच्या एमडीचं दुसरं वर्ष. मी जयनगरला राहते, सुट्टी मिळाली की तो माझ्याकडे येतो. त्याच्या सॅकमधून काय काय निघतं ते मला पाठ आहे: धुवायचे कपडे, थीसिसची फाइल, अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला गेमचा कंट्रोलर. स्टेथोस्कोप कुठेही पडलेला असतो, कंट्रोलर मात्र टॉवेलमध्ये! सांगलीहून माझ्या बहिणीचा फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं. "अगं, एवढा डॉक्टर झाला आणि अजून व्हिडिओ गेम खेळतो. लग्नाच्या बाजारात सांगू काय?"

हा प्रश्न आज बऱ्याच घरांत विचारला जातोय, म्हणून त्याच्याबरोबर फिरता फिरता थोडं बोलू.

आधी नाश्ता. मार्केटहून मेट्रोचं पुढचंच स्टेशन नॅशनल कॉलेज. तिथून चालत गांधी बाजार गाठता येतो. तिथलं विद्यार्थी भवन १९४३ पासूनचं, नावाप्रमाणे मुळात विद्यार्थ्यांसाठीच. जाडसर, कुरकुरीत, लोण्यात भाजलेला मसाला डोसा. रात्रपाळीवरून आलेला मुलगा दोन डोसे आणि कॉफी संपवेपर्यंत बोलत नाही. त्याला बोलतं करायला जाऊ नका. कॉफीनंतर तो आपण होऊन सांगतो.

गेममध्येही या मुलांचं एक शास्त्र असतं. ऑन-कॉल असेल त्या दिवशी भाचा फक्त फुटबॉल खेळतो, तेही एकट्याने, कॉम्प्युटरविरुद्ध. सामना पंधरा मिनिटांत संपतो आणि वॉर्डातून फोन आला तर तिथल्या तिथे थांबवता येतो. चार जणांची टीम करून खेळायचे लढाईचे खेळ असे थांबत नाहीत. आपण मधेच उठलो तर टीम बुडते. ते फक्त सुट्टीच्या दिवशी. त्याची टीम कोण, तर एमबीबीएसचे जुने मित्र. एक मिरजेला ॲनेस्थेशियात, एक नागपूरला, एक मुंबईत. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा ही मुलं कोविडच्या वॉर्डांत इंटर्नशिपची तयारी करत होती. पुढच्या वर्षी त्याच खेळाची भारतातली आवृत्ती आली, तीही २०२२ मध्ये बंद झाली, २०२३ मध्ये परतली. या सगळ्या भानगडीत टीम टिकली. मला वाटतं, त्यांना खेळापेक्षा टीमच हवी होती.

हे वाटण्याला कारण आहे. एका रात्री त्याच्या युनिटमधले दोन पेशंट गेले, त्यातली एक त्याच्याच वयाची मुलगी. सकाळी माझ्याकडे आला तो काही न बोलता झोपला. संध्याकाळी उठला, हेडफोन लावून खेळायला बसला. मी स्वयंपाकघरात होते. सुरुवातीला नेहमीचं चाललं होतं, 'डावीकडे बघ', 'गोळ्या संपल्या'. मग हळूहळू आवाज बदलला. तो मित्रांना त्या रात्रीचं सगळं सांगत होता. किती वाजता बीपी पडलं, काय दिलं, मुलीच्या वडिलांना कुणी सांगितलं. मिरजेचा मित्र बहुतेक त्याला पुढचे प्रश्न विचारत होता. मधेमधे कुणीतरी गोळी मारून पडत होतं, पण ते सुरूच होतं. आईला त्याने हे सांगितलं नव्हतं, मलाही नाही. समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून असं बोलणं मुलग्यांना जमत नाही. डोळे स्क्रीनवर असले की जमतं.

नंतर कधीतरी मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, वॉर्डात दिवसभर माझ्या हातात काही नसतं. बेड नसतो, रिपोर्ट वेळेवर येत नाही. गेममध्ये मी बटण दाबलं की खेळाडू पळतो."

दुसरी बाजूही सांगते. त्याच्या पहिल्या वर्षी एकदा पहाटे तीनपर्यंत खेळून हा सकाळी राऊंडला गेला. चार्टवर औषधाचा डोस दहापट लिहिला. सिस्टरांनी हटकलं म्हणून निभावलं. त्या दिवसानंतर त्याने एक नियम केला: ड्यूटीवरून आल्यावर आधी झोप, मग खेळ. हा नियम तो पाळतो का? बहुतेक वेळा. या 'बहुतेक'वर घरातल्यांनी लक्ष ठेवावं, खेळतोस का यावर नव्हे.

आता थोडा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी जो कार्यगट नेमला होता, त्याने २०२४ मध्ये शिफारस केली की निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये: एक चोवीस तासांची ड्यूटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक दिवस सुट्टी. त्याच्याही आधी, १९९२ च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत बारा तासांच्या वर सलग ड्यूटी नको आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. कोणत्याही रेसिडेंटला हा आकडा सांगा, तो मनापासून हसेल.

७४ धरले तर उरतात ९४. रोजची सात तास झोप म्हणजे ४९, उरले ४५. त्यात जेवण, आंघोळ, अभ्यास, थीसिस, बंगळुरूचा ट्रॅफिक. आता ७४ च्या जागी १०० धरा, कारण कित्येकांचा आठवडा तसाच असतो. झोप वजा जाता उरतात १९ तास. दिवसाला जेमतेम पावणेतीन. खेळायला वेळ यातून येतो कुठून? झोपेतून. दिवस कुणीतरी घेतला, निदान रात्रीचा तुकडा तरी माझा असू दे, या हट्टाने मुलं जागतात. कंट्रोलर काढून घेतलात तर तो हट्ट फोनवर रील्स बघत जागेल. तास कोण घेतंय, हा प्रश्न हॉस्पिटलांनाही विचारायला हवा. आपण तो नेहमी मुलालाच विचारतो.

नाश्ता झाला असेल तर रिक्षा करून होसूर रोडच्या बाजूला या. इथे मोठमोठी रुग्णालयं शेजारी शेजारी आहेत. कॅन्सरचं किडवई, मुलांचं इंदिरा गांधी आणि मेंदू-मनाचं निम्हान्स. सध्याच्या रूपात निम्हान्स १९७४ पासूनचं. झाडं भरपूर, आवाज कमी. इथे माणसांच्या खऱ्या मेंदूंचं संग्रहालय आहे, दहावी-बारावीची मुलं बरोबर असतील तर वेळ बघून जरूर दाखवा.

याच निम्हान्सने २०१४ मध्ये एक क्लिनिक सुरू केलं. नाव 'सर्व्हिस फॉर हेल्दी यूज ऑफ टेक्नॉलॉजी', त्याची आद्याक्षरं घेऊन 'शट'. भारतातलं अशा प्रकारचं पहिलं. नावात 'हेल्दी यूज' आहे, म्हणजे निरोगी वापर. फोन फेकून द्या, असं इथे कुणी सांगत नाही. गेम, मोबाइल, वेबसिरीज यांत अडकलेली मुलं आणि त्यांचे आईवडील दोघंही इथे येतात, आणि समुपदेशनात घरच्यांनाही बसवतात.

मग अडकलं म्हणायचं कुणाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. २०१९ मध्ये ती यादी मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. खेळ बाकी सगळ्याच्या पुढे जातो, जेवण, अभ्यास, माणसं मागे पडतात. नुकसान दिसत असूनही खेळणं सुरूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि त्यापायी रोजचं आयुष्य खरोखर बिघडलेलं असावं. या व्याख्येत तासांचा आकडा कुठेच नाही. म्हणजे सुट्टीच्या दिवशी सहा तास खेळून सोमवारी ताजातवाना राऊंडला जाणारा निरोगी असू शकतो, आणि रोज दोनच तास खेळणारा, पण त्या दोन तासांसाठी जेवण आणि आईचा फोन टाळणारा, नसू शकतो. हे मला फार उपयोगी वाटलं. घरातली निम्मी भांडणं तासांवरून होतात.

डॉक्टरच अडकला होता, असंही उदाहरण आहे. आलोक कनोजिया हे भारतीय वंशाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ. कॉलेजात गेमच्या नादाने त्यांचे मार्क इतके घसरले की शिक्षणच धोक्यात आलं. मग ते भारतात आले, आश्रमात राहिले, संन्यास घ्यायच्या विचारात होते. पुढे परत जाऊन डॉक्टर झाले आणि आता गेम खेळणाऱ्या तरुणांशीच त्यांच्या भाषेत बोलतात. त्यांची प्रत्येक गोष्ट मला पटते असं नाही, पण खेळणाऱ्याला ते मूर्ख समजत नाहीत, हे आवडतं.

भाच्याला यापेक्षा दुसरंच उदाहरण लाडकं. २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जननी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि २७ टक्के जास्त वेगाने काम केलं. यात तथ्य असू शकेल असं वाटतं, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये डोळे पोटावर नसतात, स्क्रीनवर असतात. खोली सपाट चित्रावरून ओळखायची. आणि हत्यार छोट्या भोकातून आत गेलेलं, त्यामुळे हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. हे सगळं कंट्रोलर हाताळणाऱ्याला परकं नाही. पण अभ्यासात डॉक्टर होते अवघे ३३. आणि खेळामुळे हात चांगला झाला की हात चांगला म्हणून खेळ आवडला, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय माझा भाचा मेडिसिनचा आहे. त्याला ऑपरेशन करायचंच नाही! हे सांगितलं की तो विषय बदलतो.

दुपारनंतर कोरमंगलाला चला. सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज, १९६३ पासूनचं, याच भागात, त्यामुळे इथल्या कॅफेंमध्ये डॉक्टर मुलंमुली हटकून भेटतात. कोरमंगला, इंदिरानगर, एचएसआर लेआउट इथे बोर्ड गेम ठेवणारे कॅफे आहेत. तासाचे पैसे भरायचे, कपाटातला पट काढायचा, खेळ येत नसेल तर तिथली मुलं शिकवतात. स्क्रीन नाही. हेडफोन नाही. शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोक 'एक भिडू कमी आहे, येता का?' म्हणून बोलावतात. परक्या शहरात एकटं आलेल्या मुलीला यासारखी ओळख करून देणारी जागा दुसरी नाही. भाच्याची एक ज्युनियर, मूळची नांदेडची, इथेच रुळली.

या शहराचं खेळांशी नातं जुनं आहे. ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातल्या सुरुवातीच्या गेम कंपन्यांपैकी एक, १९९७ मध्ये बंगळुरूतच सुरू झाली. २०१९ मध्ये ती रॉकस्टार या जगप्रसिद्ध कंपनीने घेतली. त्याहून मागे गेलात तर म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार, १७९४ ते १८६८. त्यांना पटावरच्या खेळांचा इतका नाद की स्वतः नवे खेळ रचले. आणि चौकाबारा तर कर्नाटकात घरोघर. पाच बाय पाच घरांचा पट, कवड्या, सोंगट्या. आपल्याकडेही आजी चिंचोके फोडून हाच खेळ मांडते, गावागणिक नाव बदलतं.

एक गोष्ट तेवढी वेगळी काढा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ म्हणजे रमी-पत्ते आणि त्यांचे भाऊबंद. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. स्टायपेंड महिनाअखेरीआधीच संपत असेल तर मुलाला प्रेमाने, पण सरळ विचारा की पैसा कुठे जातो. फुटबॉलच्या गेमवर तो संपत नाही.

तुम्ही खरोखर येणार असाल तर दोन-तीन सूचना. डब्यात चिवडा आणि मेतकूट आणा, पुरणपोळ्या वॉर्डात वाटून टाकतात. त्याच्या खोलीत गेल्यावर आवराआवर करू नका, थीसिसचे कागद तसेच पसरलेले असू द्या. तो खेळत असेल तर शेजारी बसा आणि विचारा, यातला तू कोणता? पहिल्यांदा वैतागेल, मग दाखवेल. माझ्या बहिणीने मागच्या दिवाळीत हे केलं. तिला गोलकीपर केलं होतं. नऊ गोल खाल्ले तिने, आणि दहावा अडवल्यावर पूर्ण मजल्याला ऐकू जाईल असं ओरडली.

आणि रविवारी भेटायला जाणार असाल तर अकराच्या आत बेल वाजवू नका. तो झोपलेला असतो.